साठीच्या अलीकडे

बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरच्या बाजारात एका चहाच्या टपरीवर तीन भाषा शेजारी-शेजारी बसतात. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि देण्याघेण्यात दखनी. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे राहिले. सीमा कागदावर आखली गेली, माणसांच्या जिभेवर मात्र ती उमटली नाही. म्हणूनच इथला माणूस विसराळूपणाबद्दल बोलायला लागला की तिन्ही भाषांतून एकच गोष्ट सांगतो. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’. कन्नडमध्ये ‘अरवत्तक्के अरळु-मरळु’, म्हणजे साठाव्या वर्षी डोक्याचा गोंधळ. आणि दखनीत माणूस ‘सठिया जाता है’.

तिन्ही म्हणी एकाच आकड्यावर येऊन थांबतात. मराठीत तर ‘म्हातारचळ’ असा शब्दच आहे. डोकं चळणं आणि म्हातारपण त्यात एकत्र शिवून टाकलेलं आहे.

मग बावन्न वर्षांची बाई भाकरीच्या पिठात दोनदा पाणी घालू लागली, किंवा अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस अडतीवर तुरीची पट्टी हातात घेऊन तीच बेरीज पुन्हापुन्हा करू लागला, तर त्यांना काय म्हणायचं? म्हण तिथवर पोचत नाही. मग दुसरे शब्द पुढे येतात. बाहेरचं झालं. करणी केली. घरात लक्षच नाही. दारूनं डोकं गेलं. कामचुकार आहे. हे शब्द वापरणारी माणसं वाईट नसतात. या वयात असा आजार होऊ शकतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

खरं तर या आजाराचं नाव ज्या बाईमुळे पडलं, तिला साठी दिसलीच नाही.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही बाई दाखल झाली. वय ५१. नवरा कार्ल रेल्वेत कारकून. सुरुवात संशयानं झाली होती. नवऱ्याचं कुठंतरी सूत जमलंय असं तिच्या मनानं घेतलं. पाठोपाठ विसर पडू लागला, स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, घरात उगाच येरझाऱ्या सुरू झाल्या, वस्तू लपवून ठेवणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ३७ वर्षांचे डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्या खाटेजवळ बसले आणि प्रश्न-उत्तरं जशीच्या तशी लिहून घेऊ लागले. नाव विचारलं, ती म्हणाली ऑगस्टे. आडनाव विचारलं, पुन्हा ऑगस्टे. नवऱ्याचं नाव काय, तरी ऑगस्टे. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खात होती. काय खाताय असं विचारल्यावर तिनं पालक असं उत्तर दिलं. किल्ली, पेन्सिल, सिगार या वस्तू दाखवल्या तर तिनं नीट ओळखल्या. थोड्या वेळानं मात्र आपल्याला काय काय दाखवलं होतं हे तिला आठवेना. नाव लिहायला सांगितलं तर ‘श्रीमती’ एवढं लिहून हात थांबला. पुढचा एकेक शब्द तिला परत सांगावा लागला.

ही नोंद आजही वाचवत नाही, कारण ती बाई अगदी ओळखीची वाटते. कोणत्याही वाड्यातली, कोणत्याही गल्लीतली धांदरट झालेली काकू. फरक एवढाच की तिच्यासमोर बसलेल्या माणसानं तिला वेडी ठरवून वही मिटली नाही.

अल्झायमर पुढे फ्रँकफर्ट सोडून म्युनिकला गेले, तरी त्यांनी तिची खबर घेणं सोडलं नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. तिचा मेंदू आणि कागदपत्रं म्युनिकला मागवून घेण्यात आली. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या पातळ कापांत सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या: पेशींबाहेर साचलेली पुटं आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सगळं मांडलं. सभेत एकही प्रश्न विचारला गेला नाही. १९१० साली त्यांचे वरिष्ठ एमिल क्रेपलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला ‘अल्झायमरचा आजार’ असं नाव दिलं आणि तो म्हातारपणाआधी येणारा, दुर्मिळ आजार म्हणून वेगळा मांडला. खुद्द अल्झायमर १९१५ मध्ये गेले. त्यांचंही वय तेव्हा ५१ होतं. ऑगस्टेची मूळ फाईल पुढे अनेक दशकं बेपत्ता राहिली आणि १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफर्टच्या एका तळघरात सापडली.

म्हणजे आरंभी चित्र आजच्या बरोबर उलटं होतं. पन्नाशीत बुद्धी हरपली तर तो आजार, सत्तरीत हरपली तर ते वय. जवळजवळ साठ-पासष्ट वर्षं वैद्यकशास्त्र याच समजुतीवर चाललं. म्हाताऱ्यांकडे कुणी पाहत नव्हतं, कारण त्यांचं ‘व्हायचंच असतं’.

ही भिंत पाडली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कॅट्झमन या मेंदूविकारतज्ज्ञांनी. १९७६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी छोटासा संपादकीय लेख लिहिला. पन्नाशीतला अल्झायमर आणि सत्तरीतला तथाकथित म्हातारचळ या दोघांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली सारखाच दिसतो, तेव्हा हा एकच आजार आहे आणि तो दुर्मिळ मुळीच नाही, असं त्यांनी ठामपणे म्हटलं. त्या एका लेखानं फार मोठं काम केलं. संशोधनाला पैसा मिळू लागला, रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल ही जागतिक संघटना स्थापन झाली आणि १९९४ पासून २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन ठरला. करोडो वृद्धांना न्याय मिळाला. पण संख्येनं वृद्ध खूप जास्त, म्हणून भित्तिपत्रकावर चेहरा आला तो पांढऱ्या केसांचा, थरथरत्या हातांचा. ज्या वयाच्या रुग्णानं आजाराला नाव दिलं, तेच वय हळूहळू चित्राबाहेर गेलं.

चित्राबाहेर जाणं म्हणजे काय, हे एका नटीच्या आयुष्यात दिसतं. रिटा हेवर्थ ही चाळीसच्या दशकातली हॉलिवूडची सर्वांत झगमगती तारका. मराठी वाचकाला तिचा धागा पुण्यापर्यंत आणता येईल. नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधला, त्या तिसऱ्या आगाखानांच्या मुलाशी, प्रिन्स अली खान यांच्याशी, तिनं १९४९ मध्ये लग्न केलं होतं. पुढे संवाद पाठ होईनासे झाले, भूमिका हातच्या गेल्या. जानेवारी १९७६ मध्ये लंडनच्या विमानतळावर ती विस्कटलेल्या केसांनी, गोंधळलेल्या नजरेनं उतरली. छायाचित्रकार तयारच होते. तेव्हा ती ५७ वर्षांची होती. दारूनं वाया गेलेली बाई, हा शिक्का त्या छायाचित्रांनी पक्का केला. हा अल्झायमर आहे हे जगाला कळायला १९८१ साल उजाडलं. १९८७ मध्ये ती वारली. तिची मुलगी यास्मिन आगाखान हिनं या आजाराच्या जाणीवजागृतीचं काम केलं, जागतिक संघटनेचं अध्यक्षपदही सांभाळलं. आईला दारुडी म्हणून हिणवलेलं ज्या लेकीनं पाहिलं, तिनं हे काम हाती घ्यावं हे समजण्यासारखं आहे.

दुसरी एक बाई कोणी तारका नव्हती. इंग्लंडमधली कॅरोल जेनिंग्ज ही शिक्षिका. वडील पन्नाशीत विसरू लागले, मग त्यांची भावंडंही एकामागून एक. १९८६ मध्ये अल्झायमर संघटनेच्या वार्तापत्रात तिनं संशोधकांचं आवाहन वाचलं आणि लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाला पत्र लिहिलं. आमच्या घरात हे फार जणांना होतंय, तुम्हाला उपयोग होईल का, एवढंच. जॉन हार्डी, अ‍ॅलिसन गोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कुटुंबाचं रक्त तपासलं, आणि १९९१ मध्ये एकविसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला बिघाड सापडला. अल्झायमर घडवून आणणारा हा पहिला सापडलेला जनुकीय दोष. पुटं कशाची बनतात, ती का साचतात, यावरचं पुढचं बहुतेक संशोधन याच धाग्यानं गेलं. कॅरोलनं स्वतःची तपासणी करून घेतली नाही. अठ्ठावनाव्या वर्षी आजारानं तिलाही गाठलं. २०२४ मध्ये ती सत्तर वर्षांची होऊन गेली आणि जाताना मेंदू संशोधनासाठी देऊन गेली.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. कॅरोलच्या घरासारखा, पिढ्यान्‌पिढ्या सरळ उतरणारा प्रकार फार थोड्या घरांत असतो. लवकर येणारा स्मृतिभ्रंश झालेल्या बहुतेकांच्या घरात असा एकच जनुकीय दोष सापडत नाही. घरात एकाला झालं म्हणून पोरींची लग्नं अडवायचं काही कारण नाही.

सगळ्यात मोठी उडी मात्र रुग्णांनी स्वतः घेतली. ऑस्ट्रेलियातल्या क्रिस्टीन ब्रायडन या सरकारी सेवेतल्या वरिष्ठ अधिकारी. १९९५ मध्ये ४६ व्या वर्षी त्यांचं निदान झालं. त्यांनी पुस्तक लिहिलं, व्यासपीठावर उभ्या राहिल्या, आणि आमच्याबद्दल बोलताना आम्हाला सोबत घ्या, असा आग्रह धरला. २००४ मध्ये जपानमधल्या क्योटोच्या जागतिक परिषदेत जपानी रुग्णही व्यासपीठावर आले. त्याच वर्षी जपान सरकारनं आजाराचं जुनं, मूर्खपणाचा अर्थ वाहणारं सरकारी नाव बदलून त्या जागी ‘आकलनाचा विकार’ अशा अर्थाचा शब्द आणला. एका देशानं शब्द बदलला, कारण त्या शब्दानं माणसं लाजून घरात बसत होती.

आपला ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला. तिथं तो रागातून, मोहातून येतो. म्हणजे माणसाच्या चुकीची ती पायरी आहे. आजारात मात्र चूक कुणाचीच नसते. पारायणं, प्रवचनं ऐकत वाढलेल्या सीमाभागात हा फरक मुद्दाम सांगण्याची गरज आहे.

भारतात या कामाची सुरुवात केरळमधून झाली. १९९२ मध्ये डॉ. जेकब रॉय यांनी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. पुढे ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नावाचा संशोधक गट पुढे आला. नावातच तक्रार होती: जगातले ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरचं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. याच गटाशी जोडलेल्या डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला आणि २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. मोठ्या पदव्या असलेली माणसं त्यांनी घेतली नाहीत. स्थानिक भाषा येणाऱ्या, बारावीपर्यंत शिकलेल्या, मनापासून काम करणाऱ्या सामान्य कार्यकर्त्यांना थोडंसं शिकवून पंधरवड्याला घरी पाठवलं. ते आजार समजावून सांगत, चिडणाऱ्या-भटकणाऱ्या माणसाला कसं हाताळायचं ते दाखवत, थकलेल्या सुनेचं ऐकून घेत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. औराद-कमलनगर भागातल्या कुणालाही हा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही. घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, त्यांच्या दारात येतातच.

सर्वसामान्यांपर्यंत मात्र हा विषय सिनेमानं नेला. २००५ मध्ये ब्लेसी यांचा ‘तन्मात्रा’ हा मल्याळम चित्रपट आला. मोहनलाल त्यात सचिवालयातले कर्मचारी आहेत, मुलाला आयएएस करण्याचं स्वप्न पाहणारे, कर्ते पुरुष. आजार त्यांना ऐन उमेदीत गाठतो. २००८ मध्ये अजय देवगणच्या ‘यू मी और हम’मध्ये काजोलनं साकारलेली तरुण आई बाळाला विसरू लागते. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ चा चित्रपट या विषयावरचा सर्वांत हळवा आणि सर्वांत अचूक. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यात संस्कृतचे प्रकांड पंडित आहेत आणि एका हत्तीच्या मागं चालत हरवतात. त्यांना सांभाळते माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी पंडिताला कन्नड बाई लेकरासारखं जवळ घेते, हे दृश्य सीमाभागातल्या प्रेक्षकाला जितकं भिडेल तितकं पुण्यातल्या प्रेक्षकालाही भिडणार नाही. पण ‘अस्तु’मधले पंडित निवृत्त झालेले आहेत. ‘तन्मात्रा’मधल्या माणसाच्या मुलाची परीक्षा अजून बाकी आहे. लवकर येणाऱ्या स्मृतिभ्रंशाचं दुःख नेमकं याच फरकात आहे: कर्ज फिटायचं असतं, मुलगी दहावीत असते, आणि म्हातारे आई-वडीलच पन्नाशीच्या लेकाला आंघोळ घालत असतात.

वैद्यकशास्त्रात ६५ च्या आत सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशाला ‘लवकर येणारा’ म्हणतात. हा आकडा मेंदूत कुठं लिहिलेला नाही. पाश्चात्त्य देशांतल्या निवृत्तीच्या वयावरून तो आला. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जगभरच्या अभ्यासांची मोट बांधून काढलेला अंदाज असा, की ३० ते ६४ वयाचे ३९ लाख लोक या आजारासह जगत आहेत.

बीदरकरांसाठी सर्वांत जवळचा पुरावा हैदराबादचा आहे. मोठं दुखणं झालं की या भागातला माणूस आजही जुन्या राजधानीचीच वाट धरतो. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी स्मृतिविकारांचं चिकित्सालय चालवलं. त्यांना दिसलं, की आपल्याकडे येणारे रुग्ण पाश्चात्त्य चिकित्सालयांतल्या रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी लहान आहेत. २०१३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला: दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि हा फरक अक्षरओळख नसलेल्यांतही होता. तेलुगू आणि दखनी या त्या अभ्यासातल्या प्रमुख भाषा. ठाणाकुशनूरच्या टपरीवरचं बोलणं म्हणजे मेंदूची रोजची तालीमच. अर्थात त्यानं आजार टळत नाही, तो दिसायला थोडा उशीर होतो.

आणि दिसला तरी तो विसरण्याच्या रूपातच दिसेल असं नाही. कमी वयात पुष्कळदा आधी शब्द हरवतात. किंवा डोळे चांगले असून पायरी दिसत नाही, ताटातली वाटी सापडत नाही. किंवा स्वभावच पालटतो: शांत माणूस चारचौघांत अर्वाच्य बोलतो, मायाळू आई लेकराच्या तापाकडे ढुंकून पाहत नाही. घरच्यांना वाटतं मन फिरलंय. डॉक्टरलाही आधी नैराश्य वाटतं. म्हणून तपासणी हवीच, आणि तिचं दुसरं कारण तर याहून मोठं आहे. असंच दिसणारे काही विकार बरे होतात. थायरॉइड कमी असणं, मोटारसायकलवरून पडल्यावर मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त, आणि माळकरी, शाकाहारी घरांत हमखास आढळणारी बी-१२ ची कमतरता. साध्या रक्ततपासणीनं जे कळलं असतं, त्यासाठी महिनोन्‌महिने दर्ग्याच्या आणि देवऋष्याच्या फेऱ्या घालणारी घरं या भागात अनोळखी नाहीत. दर्ग्याला जरूर जावं. जाता-जाता रक्तही तपासावं.

कर्नाटकात निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेच्या मदतीनं मेंदू आरोग्य उपक्रम सुरू झाला आहे, ही चांगली गोष्ट. पण सरकारी मोजमाप अजून म्हणींच्याच आकड्यावर अडलेलं आहे. देशातले ८८ लाख रुग्ण हा अलीकडचा सर्वांत भरवशाचा अंदाज ६० आणि त्यापुढच्या वयाचा. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम साठीपासून. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा साठीपासून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, पार्किन्सनचं नाव आहे, स्मृतिभ्रंशाचं नाव नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत मात्र स्मृतीच्या गंभीर विकाराचा उल्लेख आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही असंही तोच कायदा म्हणतो. बावन्नाव्या वर्षी राजीनामा लिहून द्यायला लावलेल्या एखाद्या शिक्षकाच्या बायकोला हे कलम कोण सांगणार?

आशाताईंच्या पिशवीत एक छापील तपासणी अर्ज असतो. गावातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तो भरायचा. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला रक्तदाब, साखर, तोंडातला फोड, छातीतली गाठ. त्यातच एक प्रश्न असाही आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न नेमका आहे, सोपा आहे, दारात उभं राहून विचारता येण्यासारखा आहे. तो छापलेला आहे साठ आणि त्यापुढच्यांच्या चौकटीत. फ्रँकफर्टची ती एक्कावन्न वर्षांची बाई ठाणाकुशनूरच्या एखाद्या घरात चुलीपुढं बसलेली असती, तर आशाताईंनी तिचा रक्तदाब लिहून घेतला असता, साखर विचारली असती आणि अर्ज घडी करून पिशवीत ठेवला असता. ही चौकट तिशीपर्यंत खाली आणायला नवं रुग्णालय लागत नाही, नवा निधीही लागत नाही. आणि ती खाली येईपर्यंत, पन्नाशीतल्या बाईचा अर्ज भरताना हा एक प्रश्न तोंडी विचारायला आशाताईंना कुणाची परवानगी लागत नाही.